मेंढपाळ पोरांची ओळ आणि चर्चचं 'ना हरकत'

ऑक्टोबर लागला की वसईच्या गावांत संध्याकाळी रोझरी फिरते. आज या घरी, उद्या त्या घरी. ओट्यावर सतरंजी पडते, टेबलावर मरियामातेचा पुतळा, दोन मेणबत्त्या, झेंडूचा हार. एक जण अर्धी प्रार्थना म्हणतो, उरलेली अर्धी बाकीचे उचलतात. 'नमो मरिये' असं दहा वेळा झालं की सगळे मिळून एक छोटीशी प्रार्थना म्हणतात. तिचा अर्थ साधारण असा: हे माझ्या येशू, आमच्या पापांची क्षमा कर, नरकाच्या अग्नीपासून आम्हांला वाचव, सर्व आत्म्यांना स्वर्गात ने, आणि ज्यांना तुझ्या दयेची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना आधी.

माझा एक मित्र, जन्माने देशस्थ आणि स्वभावाने चौकस, एकदा आमच्याकडे या माळेला बसला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "बाकीचं कळलं. पण ती नरकाग्नीची ओळ बायबलात कुठे आहे?"

कुठेच नाही. ती ओळ १३ जुलै १९१७ ची आहे. इकडे होमरूलच्या सभा गाजत होत्या, तेव्हा तिकडे पोर्तुगालमधल्या फातिमा गावाबाहेर मेंढरं चारणाऱ्या तीन लहान मुलांनी सांगितलं की एका तेजस्वी बाईने आपल्याला ही प्रार्थना शिकवली. म्हणजे कॅथलिक प्रार्थनांच्या हिशेबात कालपरवाची गोष्ट. मित्राचा पुढचा प्रश्न ओघानेच आला: कुणाला तरी काहीतरी दिसतं, ते सांगतात, आणि जगभरचे लोक ती ओळ म्हणायला लागतात? मध्ये कुणी तपासत नाही?

तपासतात. पण काय तपासतात, इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. २०२४ मध्ये व्हॅटिकनने या तपासणीचे नियमच बदलले, त्यानंतर मेजुगोर्ये, अॅमस्टरडॅम, अगदी आपल्या वेलंकनीबद्दलही बातम्या आल्या, आणि 'पोपने चमत्काराला मान्यता दिली' असे मथळे फिरले. तसं काही झालेलं नाही. म्हणून हा लेख.

आधी माळेबद्दल

रोझरीच्या माळेत ५९ मणी असतात. त्यांतल्या ५३ मण्यांवर 'नमो मरिये', सहांवर 'आमच्या स्वर्गीय बापा'. गोव्यात याच प्रार्थनेला तेर्स म्हणतात.

'नमो मरिये' ही प्रार्थना पाहिली तर तीसुद्धा एका दमात लिहिलेली नाही. पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला: देवदूत गाब्रिएलने मरियेला केलेलं अभिवादन आणि तिची नातलग एलिझाबेथ हिचे तिला भेटल्यावरचे उद्गार. दुसरा भाग, 'आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या वेळी विनंती कर', हा बायबलातला नाही. तो लोकांच्या तोंडी हळूहळू रुळला आणि १५६८ च्या अधिकृत प्रार्थनाग्रंथात पक्का झाला. आपल्याकडे आरत्या संपल्यावर 'घालीन लोटांगण' म्हणतात ना, त्यात मराठी कडव्याला लागून संस्कृत श्लोक येतात, वेगवेगळ्या काळांतले, वेगवेगळ्या हातांचे. टाळ वाजत असताना कुणाला तो सांधा जाणवत नाही. इथेही तसंच. फातिमाची ओळ हा फक्त सगळ्यांत अलीकडचा सांधा.

माळेचा उगम तरी कुठला? परंपरा सांगते की तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मरियेनेच दर्शन देऊन ती संत डॉमिनिकला दिली. इतिहासकार हे मानत नाहीत. मठात १५० स्तोत्रं म्हणत. ज्यांना वाचता येत नसे ते त्याऐवजी १५० वेळा पाठ असलेली प्रार्थना मण्यांवर मोजत, त्यातून हे वाढत गेलं, असं ते सांगतात. डॉमिनिकची गोष्ट पसरवली ती पंधराव्या शतकातल्या आलाँ द ला रोश या धर्मगुरूने. थोडक्यात, जगातली सर्वांत लोकप्रिय कॅथलिक प्रार्थनामाळ ज्या दर्शनावर उभी आहे असं लोक समजतात, त्या दर्शनाला कागदाचा आधार नाही. तरी माळेचं काही बिघडलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

'खासगी प्रकटीकरण' म्हणजे काय?

एवढी एकच संज्ञा समजून घ्यावी लागेल. देवाने माणसाला जे सांगायचं ते येशू ख्रिस्तात पूर्ण सांगून झालं, त्याच्या निवडक शिष्यांपैकी म्हणजे प्रेषितांपैकी शेवटच्याच्या मृत्यूबरोबर तो विषय संपला, अशी कॅथलिक चर्चची भूमिका आहे. त्याला म्हणतात सार्वजनिक प्रकटीकरण, आणि ते मानणं प्रत्येक कॅथलिकाला बंधनकारक. त्यानंतर कुणा संताला, कुणा शेतकऱ्याला, कुणा पोरीला जे काही दिसलं वा ऐकू आलं, ते सगळं खासगी. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात ६७ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलंय की असल्या प्रकटीकरणाचं काम मूळ शिकवणीत भर घालण्याचं किंवा ती सुधारण्याचं नाही. एखाद्या काळात ती नीट जगायला मदत करणं, इतकंच.

अठराव्या शतकातले पोप बेनेडिक्ट चौदावे मूळचे कायदेपंडित. त्यांनी त्याही पुढे जाऊन लिहून ठेवलं की चर्चने मान्य केलेल्या खासगी प्रकटीकरणावरसुद्धा धर्मश्रद्धा ठेवता येत नाही. ठेवायचा तो साधा मानवी विश्वास, एखाद्या भल्या माणसाच्या सांगण्यावर आपण ठेवतो तसा. म्हणजे फ्रान्समधल्या लूर्ड्सला मरियेचं दर्शन वगैरे काही घडलं नाही असं मानणारा माणूसही उत्तम कॅथलिक असू शकतो. हे ऐकून पुष्कळ कॅथलिकांनाच धक्का बसतो.

मराठी माणसाला हे इतकं परकं वाटू नये. तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलंय की बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात त्यांना 'राम कृष्ण हरी' हा मंत्र दिला. लाखो वारकरी तो जपतात. त्यांतला कुणी स्वप्नाचा पंचनामा मागत नाही, कारण त्या तिन्ही नावांना स्वप्नाच्या दाखल्याची गरज नाही. ती आधीपासूनच जपली जात होती. फरक एवढाच की कॅथलिक चर्चमध्ये पंचनामा खरोखर होतो, आणि त्यासाठी महागुरुस्वामी, म्हणजे बिशप, आयोग नेमतात.

फातिमा: एका शब्दाची भानगड

लुसिया दहा वर्षांची, तिची आतेभावंडं फ्रान्सिस्को आणि जासिंता तिच्याहून लहान. मे ते ऑक्टोबर १९१७, बहुतेक दर महिन्याच्या तेरा तारखेला त्यांना दर्शन झालं असं त्यांनी सांगितलं. ऑगस्टमध्ये तेरा तारीख चुकली, कारण स्थानिक प्रशासकाने पोरांना उचलून नेऊन डांबून ठेवलं होतं. तिघांच्या सांगण्यातही फरक होता: लुसिया त्या बाईशी बोलायची, जासिंताला दिसायचं आणि ऐकू यायचं, फ्रान्सिस्कोला नुसतं दिसायचं. म्हणजे ज्या प्रार्थनेबद्दल आपण बोलतोय ती तिघांपैकी एकाने त्या क्षणी ऐकलीच नव्हती, असं त्यांचंच म्हणणं.

आता ओळीकडे. मूळ पोर्तुगीजमध्ये 'सर्व आत्म्यांना' या जागी 'अल्मिन्याश' असा शब्द आहे. 'आल्मा' म्हणजे आत्मा, आणि हे त्याचं लाडिक, दयेचं रूप, 'बिचारे जीव' म्हणावं तसं. पण पोर्तुगालच्या खेड्यांत 'अल्मिन्याश' म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते शुद्धिस्थानातले आत्मे: मेलेले, पण स्वर्गात पोचण्याआधी शुद्ध होत असलेले. रस्त्याकडेला त्यांच्यासाठी बांधलेल्या छोट्या देवळ्यांनाही हेच नाव. साहजिकच सुरुवातीला काही मोठ्या माणसांनी प्रार्थनेचा अर्थ तसाच घेतला आणि 'शुद्धिस्थानातल्या आत्म्यांना आराम दे' अशा शब्दांत ती पसरलीही. पुढे लुसियाने खुलासा केला की रोख मेलेल्यांवर नाही. पापात रुतलेल्या, नरकाच्या वाटेवर असलेल्या जिवंत माणसांबद्दल ते होतं.

मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. स्वर्गातून आली म्हणून मानली गेलेली ओळसुद्धा गावाच्या बोलीत आली, त्या बोलीतल्या शब्दाला आधीच चिकटलेला अर्थ घेऊन आली, आणि मोठ्यांनी ती 'दुरुस्त'ही केली. अनुवाद होत होत ती वसईच्या ओट्यावर पोचली तेव्हा 'अल्मिन्याश'मधली माया गळून पडली होती, हे वेगळंच.

फातिमाला १९३० मध्ये लेइरियाच्या बिशपांनी विश्वसनीय ठरवलं, म्हणजे दर्शनांनंतर तेरा वर्षांनी. फ्रान्सिस्को आणि जासिंता तोवर राहिले नव्हते, पहिल्या महायुद्धामागोमाग आलेल्या फ्लूच्या साथीने दोघांचा बळी घेतला. लुसिया जोगीण, म्हणजे नन, झाली आणि २००५ पर्यंत जगली. १९१६ मध्ये देवदूताने शिकवलेल्या म्हणून ज्या प्रार्थना आज छापल्या जातात, त्या तिने १९३० च्या दशकात लिहिलेल्या आठवणींतून लोकांपुढे आल्या. वीस वर्षांनी लिहिलेली आठवण आणि त्या आठवड्यातला जबाब यांचं वजन सारखं नसतं. चर्चचे अभ्यासकही हा फरक मानतात.

लूर्ड्स आणि पॅरिस: एक जुनी प्रार्थना, एक नवी

दक्षिण फ्रान्समधल्या लूर्ड्सला १८५८ मध्ये चौदा वर्षांच्या बर्नादेत सुबिरूला अठरा वेळा दर्शन झालं असं मानतात. मालाडच्या ओर्लेममधलं चर्च याच लूर्ड्समातेच्या नावाचं. पण तिथून लोकांसाठी नवी प्रार्थना आली नाही. बर्नादेतच्या खिशात माळ होती, तीच तिने काढली. तिने सांगितलं की ती बाईही मणी सरकवत होती, पण 'नमो मरिये' चालू असताना तिचे ओठ हलत नव्हते. 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा गौरव असो' एवढ्यालाच ती सामील व्हायची. मरिया स्वतःलाच नमस्कार कसा करील! एका अशिक्षित पोरीने सांगितलेला हा बारकावा तपासणाऱ्या धर्मगुरूंना अडवून गेला असणार.

पॅरिसचं उलटं. तिथे १८३० मध्ये कॅथरिन लाबूरे या तरुण जोगिणीने सांगितलं की दर्शनात मरियेच्या भोवती अक्षरं दिसली: पापावाचून गर्भसंभव झालेल्या हे मरिये, तुझ्या आश्रयाला आलेल्या आमच्यासाठी विनंती कर. तशी पदकं पाडून घे, असाही आदेश होता. १८३२ मध्ये पॅरिसला पटकीची साथ आली त्याच वर्षी पहिली पदकं निघाली आणि हातोहात गेली. आज ज्याला चमत्कारी पदक म्हणतात ते हेच. कोलकात्यात मदर तेरेसा भेटायला येणाऱ्यांच्या हातावर ठेवत ते हेच.

इथे एक गैरसमज काढून टाकू. 'पापावाचून गर्भसंभव' म्हणजे येशूचा कुमारीपोटी झालेला जन्म नव्हे. मरिया तिच्या स्वतःच्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासून आदिपापापासून, म्हणजे आदाम-हव्वेपासून प्रत्येक माणसाला जन्मतः चिकटतं असं मानलेल्या पापापासून, मुक्त होती, असा त्याचा अर्थ. चर्चने हा सिद्धांत अधिकृत केला १८५४ मध्ये, म्हणजे पदकावर ही ओळ चढली त्यानंतर बावीस वर्षांनी. मग दर्शनाने सिद्धांत घडवला का? नाही. या मुद्द्यावर शतकानुशतकं वाद चालला होता आणि भाविक केव्हाच एका बाजूला झुकले होते. ओळीने नवं काही सांगितलं नाही, वाहत्या पाण्यात नाव सोडली. कॅथरिन मात्र यात कुठेच दिसली नाही. तिने एका कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूला सांगितलं आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करत काढली. पदकं जगभर गेली, मठातल्या ज्या बहिणींबरोबर ती जेवायला बसायची त्यांना पत्ता नव्हता.

अॅमस्टरडॅम: 'पूर्वाश्रमीची मरिया'

आता ज्या प्रकरणाने मला हा लेख लिहायला बसवलं ते.

इदा पेरदेमान या डच बाईंनी १९४५ ते १९५९ या काळात ५६ संदेश मिळाल्याचं सांगितलं. १९५१ मध्ये त्यांनी एक प्रार्थना दिली, ती 'सर्व राष्ट्रांची माता' या चित्राच्या मागे छापून अनेक भाषांत, लाखोंच्या संख्येने वाटली गेली. प्रार्थना सुरू होते येशूला उद्देशून: आता पृथ्वीवर तुझा आत्मा पाठव, सर्व राष्ट्रांच्या हृदयांत पवित्र आत्मा राहो, म्हणजे ती अधःपात, आपत्ती आणि युद्ध यांपासून वाचतील. दुसरं महायुद्ध नुकतं संपलेलं, कोरियात नवं पेटलेलं. या शब्दांना कोण नाही म्हणणार? शेवटच्या वाक्याला मात्र ठेच लागते: 'सर्व राष्ट्रांची माता, जी एकेकाळी मरिया होती, ती आमची कैवारी होवो.'

एकेकाळी होती? मग आता कोण आहे?

समर्थकांचं उत्तर मराठी लग्नपत्रिकेत आणि निधनवार्तेत सापडेल असं होतं. आपण 'पूर्वाश्रमीच्या अमुक' लिहितो. बाई तीच, घर आणि भूमिका बदलली. नाझरेथची मरिया आता सगळ्या जगाची आई झाली, इतकंच. विरोधक म्हणत, सासरी गेल्यावर नाव बदलणं वेगळं, मरियेचं मरिया असणं संपलं म्हणणं वेगळं. २००५ मध्ये व्हॅटिकनने हे शब्द नकोत असं कळवलं आणि २००६ पासून त्या जागी 'धन्य कुमारी मरिया' असं छापलं जाऊ लागलं. स्वर्गातून शब्दशः आली अशी ज्या प्रार्थनेची ख्याती, तिच्यातले शब्द कार्यालयातून पत्र येऊन बदलले.

स्थानिक बिशपांनी २००२ मध्ये या दर्शनांना मान्यता दिली होती. पण जुलै २०२४ मध्ये व्हॅटिकनने आपला एक जुना निर्णय उघड केला: १९७४ मध्येच, पोप पॉल सहावे यांच्या संमतीने, 'यात अलौकिक काही नाही हे निश्चित' असं ठरलं होतं. म्हणजे पन्नास वर्षं निकाल फाइलमध्ये आणि कार्डं भाविकांच्या पाकिटात. सरकारी कचेऱ्यांना आपण उगाच नावं ठेवतो.

'ना हरकत' म्हणजे जन्मदाखला नव्हे

असल्या घोळांमुळेच मे २०२४ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने नवे नियम काढले. विभागाचे प्रमुख कार्डिनल फर्नांदेस. त्याआधी १९७८ चे नियम होते, त्यांत तीनच शक्यता: अलौकिक आहे, अलौकिक असल्याचं सिद्ध नाही, अलौकिक नाही. प्रकरणं दशकानुदशकं लोंबकळायची. १९५० पासून सहापेक्षा जास्त प्रकरणांचा अधिकृत निकाल लागलेला नाही, असं खुद्द विभागानेच सांगितलं.

नव्या नियमांत सहा निष्कर्ष आहेत. तळाला 'अलौकिक नाही', वर 'निहिल ऑब्स्टाट'. या लॅटिन शब्दांचा अर्थ शब्दशः 'आड येणारं काही नाही', म्हणजे आपलं ना हरकत प्रमाणपत्र. आणि गंमत म्हणजे वरच्या टोकालाही 'अलौकिक आहे' हा निष्कर्ष आता नाही. तसं जाहीर करणं हे अपवाद म्हणून फक्त पोपच्या हाती राहिलं.

फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची एनओसी लागते. ती मिळाली म्हणजे भाडेकरू संतमहात्मा आहे असं कमिटी म्हणत नाही. थकबाकी नाही, नियम मोडलेले नाहीत, राहू द्या, एवढंच म्हणते. चर्चचं 'ना हरकत' असंच आहे. इथे प्रार्थना करा, यात्रेला या, हातात असलेल्या मजकुरात श्रद्धेला धक्का देणारं काही सापडलं नाही. दर्शन झालं की नाही, यावर मौन.

बोस्निया-हर्झेगोव्हिनातल्या मेजुगोर्येला सप्टेंबर २०२४ मध्ये असंच 'ना हरकत' मिळालं. तिथे १९८१ पासून सहा जणांना दर्शनं होत असल्याचं सांगितलं जातं. पण विभागाने संदेशांबद्दल बोलताना 'कथित' हे विशेषण लावायला सांगितलं. वर्तमानपत्रं 'कथित घोटाळा' लिहितात, तोच शब्द, तीच सावधगिरी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या वेलंकनीबद्दल तंजावरच्या बिशपांना विभागाचं कौतुकाचं पत्र आलं. दूध नेणाऱ्या पोराला झालेलं दर्शन, वादळातून वाचलेले पोर्तुगीज खलाशी, या तिथल्या कथा तोंडोतोंडी चालत आलेल्या. पत्राने त्यांच्या खरेखोटेपणाचा निवाडा केला नाही. तिथे येणाऱ्या लाखोंच्या श्रद्धेला, त्यांत हिंदूही आले, मनापासून दाद दिली. आपल्या वांद्र्याच्या मोत माउलीचं गणित आणखी वेगळं. कोळ्याला स्वप्न पडलं आणि मूर्ती समुद्रात सापडली, अशी तिथली कथा आहे. तिथे दर्शनात सांगितलेली प्रार्थना नाही आणि कुणी तसा दावाही करत नाही.

'पोरांच्या मनाचे खेळ असतील की!'

असतील. ही शक्यता चर्च सगळ्यांत आधी तपासतं: भ्रम, बनाव, पैशाचा वास, आजार. पण समजा यातलं काही नाही, तरी एक प्रश्न उरतो. बर्नादेतला बाई दिसली ती जपमाळ घेऊन, मेक्सिकोत दर्शन झालेल्या हुआन दिएगो या मूळ रहिवाशाशी ती त्याच्या नावात्ल भाषेत बोलली असं सांगतात. ज्याला जे ठाऊक तेच कसं दिसतं?

फातिमाच्या मुलांना सांगितलेल्या तीन गुपितांपैकी तिसरं, म्हणजे तिसरं रहस्य, २००० मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा त्यावरचं भाष्य कार्डिनल रॅट्झिंगर यांनी लिहिलं, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. दर्शन म्हणजे परलोकाचा फोटो नव्हे, असा त्यांचा मुद्दा. पाहणाऱ्याची कुवत, त्याच्या मनातल्या प्रतिमा, त्याच्या मर्यादा यांच्यातूनच ते उमटतं. नास्तिकाला हे पटेल असं नाही. पण चर्चचा बचाव 'पोरांनी टेपरेकॉर्डरसारखं जसंच्या तसं सांगितलं' असा नाहीच, हे तरी समजून घ्यावं.

'मरियेची प्रार्थना कशाला? देवाची करा!'

हा आक्षेप नास्तिकांपेक्षा ख्रिस्ती बांधवांकडूनच जास्त येतो. नगरकडचे मराठी ख्रिस्ती बहुतांशी प्रोटेस्टंट. त्यांच्या घरी माळ नसते, आणि देव व माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त, हे वचन त्यांना तोंडपाठ असतं. वचन बायबलातलंच आहे.

एक मौज पाहा. आतापर्यंत आलेल्या प्रार्थना पुन्हा वाचा. फातिमाची ओळ येशूला उद्देशून. अॅमस्टरडॅमची, वादग्रस्त असूनही, येशूला उद्देशून. पॅरिसच्या पदकावर मरियेकडे मागणं आहे, पण ते 'दे' असं नाही, 'आमच्यासाठी विनंती कर' असं. मरियेच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रार्थना बहुधा तिच्याजवळ थांबत नाहीत. 'बाबांकडे काही मागायचं तर आईला मध्ये घालतो' हा दाखला प्रवचनांत हमखास ऐकू येतो. मला तो आवडत नाही, कारण त्यात बाप उगाच तापट ठरतो. आजारी पडल्यावर शेजारणीला 'माझ्यासाठी प्रार्थना कर गं' म्हणतो, ते जास्त जवळचं.

ही हद्द ओलांडली की व्हॅटिकनच लगाम खेचतं. अॅमस्टरडॅमच्या संदेशांत मरियेला 'सहतारिणी', म्हणजे येशूबरोबर तारण करणारी, ही पदवी अधिकृतपणे द्या अशी मागणी होती, आणि त्यासाठी जगभर मोहीम चालली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांच्या संमतीने निघालेल्या टिपणात श्रद्धासिद्धांत विभागाने ही पदवी वापरणं अनुचित ठरवलं, कारण तारणारा एकच. प्रोटेस्टंट शेजाऱ्याला हे वाचून बरं वाटलं असेल.

मोबाइलवर आलेली प्रार्थना

'ही प्रार्थना मरियामातेने स्वतः दिली आहे, नऊ जणांना पाठवा, तीन दिवसांत इच्छा पूर्ण होईल.' असले निरोप मलाही येतात, बहुधा पहाटे. १९६६ पर्यंत दर्शनांबद्दलचा मजकूर छापायला चर्चची आगाऊ परवानगी लागे, पोप पॉल सहावे यांनी ती अट काढली. तेव्हापासून कार्डावर प्रार्थना छापलेली आहे म्हणजे ती कुणी तपासलीय, असं धरून चालता येत नाही.

हमखास फळाची हमी दिसली की सावध व्हावं. संत ब्रिजिटच्या नावावर खपणाऱ्या पंधरा प्रार्थनांना अशीच घसघशीत आश्वासनं चिकटलेली होती. १९५४ मध्ये व्हॅटिकनने बजावलं की त्या आश्वासनांचा उगम अलौकिक असल्याचं काही सिद्ध नाही. प्रार्थना वेगळी आणि तिच्या पाठीला डकवलेलं हमीपत्र वेगळं. आमच्या गावातल्या एका आजीला मी हे समजावायला गेलो, तर ती म्हणाली, "अरे, शब्द चांगले आहेत म्हणून मी म्हणते, ते खालचं बारीक अक्षर मला चष्म्यातून दिसतच नाही." श्रद्धासिद्धांत विभागाला इतकं नेमकं सांगायला बरीच पानं लागली.

आणि जिथे कुणी काही बोललंच नाही

मित्राला हे सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, एकही शब्द न सांगणारं दर्शन आहे का? आहे. आयर्लंडमधलं नॉक. २१ ऑगस्ट १८७९ ची संध्याकाळ, पाऊस चालू. चर्चच्या मागच्या भिंतीपाशी मरिया, योसेफ, संत योहान, एक वेदी आणि तिच्यावर कोकरू दिसलं, अशी साक्ष पंधरा जणांनी दिली. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. साधारण दोन तास ते दृश्य होतं. संदेश नाही, प्रार्थना नाही, गुपित नाही. पंचाहत्तरीला टेकलेली एक बाई पुढे होऊन मरियेचे पाय धरायला गेली, तर हाताला नुसती भिंत लागली. मग ती आणि बाकीचे तिथेच पावसात उभे राहिले आणि आधीपासून पाठ होती ती माळ म्हणू लागले.